सर्टिफिकेटवाली सून

माझ्या लग्नात हुंड्याची बोलणी झालीच नाहीत, याचं आमच्या आसगावात फार कौतुक झालं. खरी गोष्ट मला तुमसरला नांदायला आल्यावर उमगली. सासऱ्यांचं औषधांचं दुकान होतं, पण शिकलेला फार्मासिस्ट घरात कुणीच नव्हता. कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने आणून भिंतीवर टांगायचं आणि औषधं आपण विकायची, असा सगळा कारभार. नागपुरात डिप्लोमा केलेली सून मिळाली आणि ते भाडं कायमचं वाचलं.

फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे, असा कायदा. भाड्याचा माणूस अधूनमधून तोंड दाखवून जायचा. मी पडले घरची, त्यामुळे शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत गल्ल्यामागची खुर्ची माझी. माहेरी जायचं म्हटलं की सासरे विचारत, मग दुकान कोण पाहील? नवरा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. भाऊबीजेला भाऊ न्यायला आला, तोसुद्धा चहा पिऊन एकटाच परत गेला. त्या दिवशी मी औषधांच्या खोक्यांआड तोंड लपवून रडले.

दुकान चालायचं ते समोरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. किती गोळ्या, किती दिवस, काही लिहायचे नाहीत. एकाच चिठ्ठीवर लोक वर्षभर झोपेच्या गोळ्या मागायला येत, आणि मी नवी चिठ्ठी आणा म्हटलं की मलाच शिष्ट ठरवत. पेथिडीनच्या इंजेक्शनची चिठ्ठी मात्र डॉक्टर शाळेतल्या पोराने शुद्धलेखन लिहावं तशी लिहीत. रोग्याचं नाव, वय, गाव, मात्रा, नग आकड्यात आणि अक्षरी, खाली सही आणि तारीख. हे औषध दुखण्यावर रामबाण, पण सवय लावणारं. म्हणून ते कुलपात असे आणि प्रत्येक नगाला माझी सही लागे.

रोगी होता तलावात मासे धरणारा एक म्हातारा. जबड्याचा कॅन्सर झालेला. डॉक्टर स्वतः जाऊन त्याला इंजेक्शन देत, आणि मला त्यांचं कौतुक वाटे. एके दिवशी म्हाताऱ्याचा मुलगा तापाच्या गोळ्या न्यायला आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, बाप गेला, कालच दहावा झाला.

चार दिवसांनी म्हाताऱ्याच्या नावाची चिठ्ठी पुन्हा आली. तेच सुरेख अक्षर, नग आकड्यात आणि अक्षरी. चिठ्ठीत खोट काढायला जागा नव्हती, फक्त रोगी जिवंत नव्हता.

मी कुलूप उघडलं नाही. तेव्हा नवा कायदा नुकताच आला होता. अफूच्या जातीच्या औषधांत गडबड केली तर दहा वर्षं सक्तमजुरी, आणि सही माझी. सासऱ्यांना सांगितलं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चिठ्ठी बरोबर हाये ना? मंग सही करून टाक. त्या माणसाच्या भरवशावर आपन जेवून राहिलो." मी नाही म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. 

संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले. मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इंजेक्शनं कुणाच्या हातात टोचली जात होती.

"सूनबाई, चिठ्ठीत काय चुकलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिठ्ठीत काही चुकलं नाही, डॉक्टर साहेब. तो मानूस मेला."

ते बाकावर बराच वेळ घाम पुसत बसून राहिले. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. मग चिठ्ठी खिशात घालून ते उठले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे रोगी बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. आमच्याकडे दिवसभर माश्या मारायचं काम उरलं. सासरे माझ्याशी बोलेनात. आता हे आपल्याला हाकलणार, असं मी धरून चालले, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एका सकाळी कपड्यांची पिशवी भरून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मामाजी, मी आसगावले जाते, म्हटलं.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटच्या फ्रेमकडे.

"तुले हाकलून द्याव असं मनात तं लय येऊन राहिलं," ते म्हणाले. "पन तू गेली का लायसन गेलं, अन् भाड्याचं सर्टिफिकेट आनाले आता गल्ल्यात पैसा नाही. मले तुले काढताच येत नाही, पोरी. जा, बस."

आवाजात राग नव्हता. मी पिशवी गल्ल्याखाली सरकवली. समोर एक बाई तापाच्या गोळ्या मागत उभी होती, आणि दुकानात फार्मासिस्ट हजर होती.