बेरिल ट्रेगिअर आणि कोरड्या स्कोनची आवई

बेरिल ट्रेगिअरनं शेजारच्या टिंबर्न गावचं हॉस्पिटल एका कोरड्या स्कोनपायी, म्हणजे चहाबरोबर जॅम-क्रीम लावून खायच्या छोट्या गोल पावापायी, बंद पाडलं, ही बातमी सकाळी कूलाबीच्या बेकरीतून निघाली आणि दुपारी पेट्रोल पंपावर पोचली. संध्याकाळपर्यंत तर त्या बातमीत हॉस्पिटलच्या फाटकाला कुलूपही लागलं होतं. खरं एवढंच, की हॉस्पिटल धडधाकट चालू होतं आणि बेरिलनं तो स्कोन तोंडात घातलाच नव्हता. न खाण्याचीच तर सगळी भानगड.

कूलाबीची बेरिल सदुसष्ट वर्षांची. बावीस वर्षं तिनं मोठ्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरांच्या पाळ्या लावल्या. कोण रजेवर, कोण कुणावर रुसलंय, कोण उभ्या उभ्या झोपतंय, सगळं तिला पाठ. निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता गुलाब लावील. तिनं लावलेही, पण गुलाबांच्या चौकश्या किती करणार? म्हणून ती तपासनीस झाली. नव्या डॉक्टरांची पहिली दोन वर्षं जिथं जातात तिथं तिघांची तुकडी जाते आणि बघते, की पोरांना शिकवतात की नुसतं राबवतात. अहवाल चांगला गेला तर मान्यता टिकते, नाहीतर शिकाऊ डॉक्टर मिळणं बंद. तिचा स्वतःचा नियम एकच: जिथं तपासायचं तिथं खायचं नाही. डब्यात चीज-लोणच्याचं सँडविच असतंच.

टिंबर्नचे डॉक्टर डेस हॅलोरन यांनी सात वर्षं खेटे घालून सहा शिकाऊ डॉक्टरांच्या जागा मिळवल्या होत्या. त्या गेल्या तर अपघात विभागात रात्री कोण उभं राहणार, या काळजीनं त्यांची झोप उडालेली. तपासणीसाठी व्हरांड्याला नवा लाल रंग लागला. त्यांची बायको ग्लेनिस, जिल्ह्याच्या जत्रेत स्कोनसाठी चार वेळा पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळवलेली, तीन ताटं भरून स्कोन घेऊन हजर.

"घ्या ना एक. अजून गरम आहेत," ग्लेनिस म्हणाली.

"माझं आहे हो," म्हणत बेरिलनं डबा उघडला. ग्लेनिस ताट घेऊन तशीच उभी राहिली.

कागद तर चोख होते. दर बुधवारी एक ते दोन शिकवणीचा तास, बत्तीस आठवडे, सहाच्या सहा सह्या. बेरिल म्हणाली, "चला, ती शिकवणीची खोली बघू."

खोली म्हणजे जुनं धुलाईघर, एकही खिडकी नाही. सहाही शिकाऊ पोरं आत शिरली, मागोमाग बेरिल.

"टेगन, दिवा लाव गं," बेरिल सगळ्यांत पुढच्या पोरीला म्हणाली.

टेगननं डावी भिंत चाचपली, मग उजवी. दुसरा एक जण मदतीला आला, मग आणखी दोघं. चौघंजण अंधारात भिंत कुरवाळत होते. शेवटी बाहेर व्हरांड्यातल्या कपाटामागचं बटण डॉक्टर हॅलोरननी स्वतः दाबलं. उजेडात त्यांचा चेहरा नव्या रंगापेक्षा लाल दिसत होता.

"बत्तीस बुधवार अंधारात शिकलात होय रे?" बेरिलनं विचारलं.

मग दार लावून तिघं तपासनीस पोरांशी एकटे बोलले. टेगन पुटपुटली, "एक वाजला की वॉर्डातून फोन सुरू. उठावंच लागतं. सह्या महिनाअखेरीला एकदम. पण डेस फार चांगले आहेत, बाई. जागा काढू नका. मी इथं घर घेतलंय, कुत्राही पाळलाय."

"कुत्र्याचं नाव काय?"

"मफिन."

"मग मफिनला सांग, पुढच्या महिन्यापासून सह्या दर बुधवारी, तास झाल्या झाल्या."

तुकडीतले शहरातले सर्जन कडक होते. "खोट्या सह्या आहेत. मान्यता काढायची शिफारस करू."

"आणि रात्री इथं कोण उभं राहणार, तुम्ही?" बेरिल म्हणाली. "सह्या खोट्या आहेत तसं लिहू. पण फोन थांबवता येतो. बुधवारी एक वाजता पोरांचे फोन टोपलीत, आणि टोपली मोठ्या डॉक्टरांच्या मांडीवर. या अटीवर मान्यता ठेवू, नऊ महिन्यांनी पुन्हा बघू."

अहवाल वाचणाऱ्या वरच्या समितीनं तेच मान्य केलं. डॉक्टर हॅलोरननी टोपली सांभाळली. पहिल्याच बुधवारी तासाभरात एकोणीस फोन आले तेव्हा ते घामाघूम झाले आणि दुसऱ्या बुधवारी वॉर्डाला दम देऊन आले. नऊ महिन्यांनी दुसरीच तुकडी गेली. टेगननं अंधारातही बटण बरोबर दाबलं म्हणे. अट उठली, सहाही जागा राहिल्या.

आवई मात्र राहिलीच: बेरिलनं स्कोन नाकारला, म्हणजे तो कोरडाच असणार. त्या उन्हाळ्यात टिंबर्नचा बायकांचा संघ कूलाबीला लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला आला; ग्लेनिस टिंबर्नकडून, बेरिल कूलाबीकडून. खेळानंतर चहा, आणि प्रत्येकीनं घरून एक ताट आणायचं. ग्लेनिसनं बेरिलसमोर ताट आदळलंच.

"आता तर तपासनीस नाहीस ना आमची? घे. गावभर माझा स्कोन कोरडा म्हणून फिरलंय. सगळ्यांदेखत खा आणि सांग."

सगळ्या चहा थांबवून बघू लागल्या. बेरिलनं जॅम लावला, क्रीम लावलं, सावकाश चावून स्कोन खाल्ला, आणि चहाचा मोठा घोट घेतला.

"ग्लेनिस, त्या दिवशी मी खाल्ला असता तर लोक खरं बोलले असते. कोरडाच आहे. पण दुसरा दे, अहवाल एकावर लिहीत नाही मी."