बबन महिनाभर फोटो काढत चालला होता

बबन आज सकाळी गेला.

चला, त्याच्या कानात जन्मभर खडखडणारे लूम तरी बंद झाले.

आमच्या वयाला फेसबुक म्हणजे स्मशानाचा नोटीस बोर्ड. त्यावर आज लिहायची माझी पाळी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सुताचे भाव भडकले आणि भिवंडीतले निम्मे लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबले. कामगार मुलखाला गेले. गावात चिमण्या ऐकू यायला लागल्या, असं लोक म्हणायचे.

आम्हा दोघांना नाही आल्या. मिसरूड फुटायच्या आधीपासून लूमच्या खडखडाटात होतो.

बबन शेजारच्या राहनाळ गावचा. नारपोलीत त्याच्या वडलांचा कारखाना, त्यात हा स्वतःच्याच बापाकडे शिफ्ट करायचा. मी शेजारच्या कारखान्यात.

त्याला फोटोग्राफर व्हायचं होतं. कारखान्याचा रस्त्याकडचा गाळा रिकामा होता, तिथे फोटो स्टुडिओ काढायचा. वडलांना हे म्हणजे मुलगा सर्कशीत जातो म्हणाल्यासारखं वाटलं. पण मंदीमुळे त्यांनाही भांडायला जोर नव्हता.

"कारखाना बंदच हाय. महिनाभर जा, काय ते फोटू काढून आन. चार मानसांनी बघून बरं म्हनलं तर गाळा तुझा. न्हायतर त्यात चार लूम टाकतो."

बबन माझ्याकडे आला. "माहुलीवरून निघू. घाटमाथ्यानं चालत महाबळेश्वर."

"खायचं काय?"

"तांदूळ."

"उचलायचा कोणी?"

"अर्धा तू, अर्धा मी. म्हणून तर कॅमेरा हलका पाहिजे."

बाजारात एका चाचांचं फोटोचं दुकान होतं. बबन तिथे सूत गुंडाळलेला कागदी कोन घेऊन गेला. आयुष्यभर कोन उचललेले, त्यामुळे दुसरं वजन हाताला कळतच नव्हतं.

एका हातात कोन, एका हातात कॅमेरा. चाचा बघत राहिले.

"भाई, कॅमेरा लेना है या बुनना है?"

रशियन कॅमेरा कोनाला भारी पडला. बबन म्हणाला, हा खलबत्ता आहे, घरी ठेवावा, मसाला कुटावा. डबा कॅमेरा हलका, पण रोलला बाराच फोटो. म्हणजे रोलांचं गाठोडं वाहा.

मग चाचांनी काउंटरखालून एक छोटा जपानी काढला. खिशात मावणारा. अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो.

बबनने कोन खाली ठेवला. "एक कॅमेरा, एक रोल. झालं."

चाचांनी रोल कसा भरायचा ते दाखवलं. मग कॅमेऱ्यावर मान घालून काहीतरी सांगत राहिले.

आम्ही दोघांनी मान हलवली.

लूमवाल्यांची ही जन्माची खोड. ओठ दिसले तर समजतं. नाही दिसले तर मान हलवायची. दहा वेळा "काय?" विचारणाऱ्याला शेठ बहिरा समजतो, आणि बहिऱ्याला पुढची शिफ्ट नसते.

माहुलीच्या पायथ्याशी बबनने रोल भरला. निघालो.

त्या महिन्याबद्दल लोक विचारतात तेव्हा मी निसर्गाबद्दल बोलत नाही. माझ्या टाचांबद्दल बोलतो. देवळात झोपायचं, करपलेला भात खायचा, उठायचं, चालायचं. आणि दर वळणावर बबन उभा.

"थांब, उजेड येऊ दे."

"उजेडाला घाई नाही. माझ्या पायांना आहे."

कोकणकड्यावर ढग फुटेपर्यंत त्याने मला अर्धा दिवस उपाशी बसवलं. एका धनगराच्या म्हातारीने फोटोसाठी चूल सोडून नवं लुगडं नेसलं. बबनने तिला सांगितलं, आजी, जुनंच नेसा. ती शिव्या देत परत गेली आणि जुनं नेसून आली. एक रोल, म्हणून तो एकेक फोटो असा काढायचा, जसं आपण शेवटची काडी पेटवतो.

भीमाशंकरच्या पुढे कॅमेऱ्यातला आकडा बहात्तरच्या पलीकडे गेला.

मी म्हटलं, "असं कसं?"

"जपानी माल. जास्तीच देतात."

आम्ही भिवंडीचे. आयुष्यभर कोनात सूत कमीच भरलेलं मिळालं. कुणी जास्त देतंय म्हटल्यावर शंका घ्यायची असते, हे आम्हाला कोण शिकवणार?

परत आलो. चाचा कॅमेरा घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले.

रोलची पट्टी फिरकीत अडकलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून फिल्म जागची हलली नव्हती. एकही फोटो नाही.

"मैंने बोला था ना भाई, बाजूवाली घुंडी साथ में घूमती है कि नहीं, देखते रहना. आप दोनों ने गर्दन भी हिलाई थी."

बबनने परत मान हलवली.

वडील कारखान्याच्या दारात खाटेवर बसले होते. कॅमेरा खराब होता, असं सांगता आलं असतं. मी वाटेत तसं सुचवलंही होतं.

"बाबा, एकपन न्हाय आला. रोल मीच नीट भरला न्हाय."

वडील खाटेवरून उठले. मग तोंड त्याच्यासमोर आणून, सावकाश, एकेक शब्द दिसेल असं विचारलं,

"मंग, चार लूम टाकू?"

बबनने मान हलवली. या वेळी त्याला सगळं कळलं होतं.

त्या गाळ्यात चार लूम लागले. पुढे चाळीसच्या वर वर्षं तो त्यांच्यात उभा राहिला. कॅमेरा त्याने चाचांना परत दिला. त्या गोष्टीवर कधी रडला नाही, मला कधी दोष दिला नाही. लग्नाकार्यात फोटोग्राफर समोर आला की तेवढं विचारायचा, "घुंडी फिरते का बघितलंस?" हल्लीच्या पोरांना घुंडी म्हणजे काय तेच माहीत नाही. तीही मान हलवायची.

दुपारी त्याच्या मुलाचा फोन आला. नाक्यावर बॅनर लावायचाय. आमच्याकडे बॅनर लागल्याशिवाय माणूस अधिकृतपणे मरत नाही.

"काका, नावाखाली काय लिहू? यंत्रमाग उद्योजक?"

"छायाचित्रकार लिही."

फोनवर शांतता. मला वाटलं, माझं मशीन गेलं कानातलं.

"काका, पप्पांनी फोटो कधी काढले?"

"महिनाभर. रोज."

त्याने काय लिहिलंय ते बघायला संध्याकाळी नाक्यावर गेलो नाही. पाय दुखतात.

ये आता, बबन. दमला असशील.