वीज-पाणी भाड्यातच

तळेगावात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, तेव्हा खालीच राहणारे मालक म्हणाले, “काका, वीज-पाणी भाड्यातच. निश्चिंत राहा.”

त्या औदार्याचाच मला संशय आला. वीजबिल त्यांच्या नावाचे, करार नोंदवलेला नाही. उद्या बाहेर काढले, तर मी येथे राहत होतो याला पुरावा कोणता? करार नोंदवण्याची मागणी करणारे पत्र मी रजिस्टर पोस्टाने धाडले.

ते हातात घेऊन मालक जिना चढून आले. “अहो काका, हाक मारली असती तरी आलो असतो!”

“हाकेची पोच मिळत नाही. लेखी उत्तर द्या,” मी म्हणालो.

संतापून त्यांनी तिथेच लिहिले, ‘वरच्या मजल्यावरील माझ्या भाडेकरूंनी पत्रे पाठवू नयेत’, आणि खाली सही केली.

त्या पुराव्याची प्रत जोडून मी दुसऱ्याच दिवशी करारासाठी पुन्हा पत्र धाडले.