बादलीतले पाहुणे

नाशपतीची वाइन करणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात तीन टाक्या होत्या. त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवणाऱ्या माणसाला सगळे टाकीमामा म्हणत. मामा वाइनच्या थेंबालाही शिवत नसत. त्यांना गरजच नव्हती. गार पत्र्याला कान लावला, आतली बुडबुड्यांची सरसर ऐकली, की ते आपोआप तरंगू लागत.

तरंगत तरंगत ते थेट यीस्टच्या एखाद्या पेशीत उतरत. आत गोलसर, ओलसर खोली, आणि चहूकडून लोण्यासारखा मऊ पापुद्रा. साखर बिचारी बाहेर ताटकळायची. तिला आत घ्यायला दरवान लागायचा. अल्कोहोलचं तसं नाही. लाडावलेल्या जावयासारखं ते कोणाला न विचारता भिंतीतून आरपार. आत तयार झालं की बाहेर पडायचं, आणि बाहेर गर्दी वाढली की पुन्हा आत शिरायचं. ही ये-जा बघत बसण्याचा मामांना भारी नाद.

त्या नादानंच घात केला. टाकीत रस भरला की सुरुवातीला तो ढवळून त्यात हवा खेळवायची असते. त्या हवेवर पेशी आपले पापुद्रे भक्कम करून घेतात. थोरलीच्या पाळीला मामा मधलीला कान लावून बसले ते बसलेच. पुढे थोरलीत अल्कोहोल वाढलं, तकलादू पापुद्रे सैलावले, आतलं बाहेर झिरपू लागलं आणि थोरली अर्ध्या वाटेवर गप्प झाली.

मालकीणबाईंनी चव घेतली. "मामा, हे सरबत झालंय. सोमवारी व्हिनेगरवाल्याला बोलावते."

"थोडी सवड द्या, बाई."

"सोमवारपर्यंत आहे की सवड. टँकर आल्यावर मात्र मला काही सांगू नका."

मामांच्या हातून आजवर एकही टाकी व्हिनेगरला गेली नव्हती. घाबरून त्यांनी ताजं यीस्ट थेट थोरलीत ओतलं. ते उंबरठ्यावरच आडवं झालं. बाहेरचं सगळं अल्कोहोल एकदम आत घुसल्यावर ते तरी काय करणार? तेव्हा कुठे मामा भानावर आले आणि नवं यीस्ट बादलीत घेऊन घरी गेले. सोबत थोरलीतली वाइन भरलेला कॅन.

"अहो, ओट्याखाली ही बादली कसली?" मामींनी विचारलं.

"पाहुणे आहेत."

"किती?"

"मोजता येणार नाहीत इतके."

"म्हणजे तुमच्याकडचेच."

मामांनी समजावलं, की यांना साखरपाणी हवं, ऊब हवी, आणि मधूनमधून पेलाभर वाइन. ती पचली की पुढचा पेला. असं हळूहळू अंगवळणी पडलं, की थोरलीत टिकतील.

"नशीबवान आहेत," मामी म्हणाल्या. "मला नाही कोणी पेल्यापेल्यानं सवय लावली. पहिल्याच दिवशी तुमच्या चारही बहिणी अंगावर ओतल्या."

मामींनी आपली लोकरी शाल बादलीभोवती गुंडाळली. मामा शेजारी स्टूल टाकून बसले आणि दुपारच्या उन्हात त्यांचे डोळे मिटले. ते पुन्हा त्या गोल खोलीत होते. भिंती आता साईसारख्या दाटल्या होत्या. वाइन अजूनही भिंतीतूनच येत होती, पण जरा अदबीनं, चपला बाहेर काढून आल्यासारखी. इकडे मामा घोरत होते आणि शिवण बाजूला ठेवून मामी पेले ओतत होत्या.

रविवारी दोघं बादली मांडीवर घेऊन बसनं कारखान्यात गेले. बादली थोरलीत रिकामी झाली. मामांनी कान लावला. काहीच नाही. संध्याकाळी मामी एकट्याच घरी परतल्या.

सोमवारी त्या डबा घेऊन आल्या, तेव्हा मामा टाकीला टेकून गाढ झोपले होते. मामींनी आयुष्यात पहिल्यांदा त्या पत्र्याला कान लावला. आधी नुसता गारवा लागला. मग कुठूनतरी खोलवरून, तांदूळ निवडताना ताटात होते तशी बारीक सरसर.

तेवढ्यात व्हिनेगरवाला टँकरचा लांब पाइप खेचत आत आला. "बाई, हीच का ती बिघडलेली?"

"हळू बोला जरा," मामी म्हणाल्या. "आतली मंडळी आत्ताच कामाला लागलीत."

त्यानं संशयानं कान टेकवला. मग आवाज न करता पाइप गुंडाळू लागला.