जमिनीला लागलं, पेटीत नाही

"जमिनीला लागलं, पेटीत नाही," असं म्हणत तो चिकू उचलायचा, अंगठ्याने एकदा फिरवायचा आणि बाजूच्या टोपलीत टाकायचा. झाडावरून पडलेलं फळ वरून कितीही छान दिसलं तरी आतून दबलेलं असतं, दोन दिवसांत पेटीतली बाकीचीही नासवतं. सरावलीजवळच्या आमच्या वखारीत हा नियम सगळेच पाळतात. बोलून पाळणारा तो एकटाच.

तुम्ही कधी डहाणूचे चिकू खाल्ले असतील तर त्यातले काही त्याच्या डाव्या हातातून गेले असणार. त्याच हाताने तो तरुणपणी राज्याच्या संघाकडून स्पिन टाकून आला होता. चार दिवसांचा एक सामना, बस. वखारीत त्याला सगळे 'प्लेअर' म्हणत, आणि ह्या नावाला तो शेवटपर्यंत ओ देत राहिला.

मी पेट्यांवर गावांची नावं लिहायचो, तो समोर बसून फळं निवडायचा. चौदा वर्षं. त्या सामन्याची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की आपणच खेळून आलो असं मला कधी कधी वाटे.

तलासरीकडच्या डोंगरातलं त्याचं गाव. घरी भात, नाचणी. बाप वाडीत चिकू काढायला जायचा. पोराने पडलेला चिकू पेटीत टाकला की पाठीत धपाटा. तेच हात घेऊन हा मैदानात उतरला. समोरच्या संघाचा मोठा फलंदाज अकरा धावांवर होता. त्याने ह्याच्या चेंडूवर ह्याच्याकडेच झेल दिला, आणि ह्याने पुढे अंग झोकून देऊन तो घेतला. अंपायरचं बोट वर गेलं, फलंदाज निघाला.

"आणि मी म्हटलं, सर, जमिनीला लागला."

"कोणी विचारलं होतं रे तुला?" मी दर वेळी चिडायचो.

"कॅप्टनपण हेच बोलला. अरे, हाताला गवत लागलं ना. तोंडातून निघून गेलं."

फलंदाज परत आला आणि दीडशे काढून गेला. सामना हरले. पुढच्या यादीत ह्याचं नाव नव्हतं, त्यानंतर कधीच नव्हतं. "पण लागला होता," असं म्हणून तो गोष्ट संपवायचा. खरं बोललो, एवढंच त्याच्या पदरात होतं.

गेल्या वर्षी गावातल्या क्रिकेटच्या ग्रुपवर कोणीतरी त्या झेलाचा जुना फोटो टाकला. मी मोठा करून पाहिला. चेंडू तळहातात, चेंडूखाली बोटं, बोटांखाली गवत. जमिनीला लागली होती ती त्याची बोटं. झेल स्वच्छ होता. प्लेअरजवळ साधा फोन, म्हणून वाचला. मी टाकणाऱ्याला फोटो पुसायला लावला आणि ग्रुपमधल्या एकेकाला फोन करून दम भरला, त्याच्यासमोर तोंड उघडलंत तर याद राखा. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

यंदाच्या पावसाळ्यात तो काविळीने गेला. दिवसकार्याला मी त्याच्या गावी गेलो. वहिनींनी पत्र्याच्या ट्रंकेतून त्याची सामन्यातली टोपी काढली. टोपीच्या अस्तरातून वर्तमानपत्राचं कात्रण निघालं. तोच फोटो. वर तारीख होती ती झेलाच्या दुसऱ्याच दिवसाची. घडी नेमकी बोटांवर पडली होती, आणि तिथे कागद उघडून उघडून विरला होता.

म्हणजे पहिल्यापासून त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षं ह्या माणसासमोर बसलो, आणि मला काहीच कळलं नव्हतं.

"दर दिवाळीला काढून बघायचे," वहिनी म्हणाल्या. "भाऊ, मला यातलं काय कळत नाय. पण बॉल तर हातात दिसतो. मग तो खरंच लागलेला का?"

मी कात्रणाची घडी होती तशी घातली.

"लागला होता, वहिनी."