शुक्राची कोर

लग्न होऊन मी वडवणीत आले तेव्हा घरात दोनच माणसं होती, माझे सासरे आणि हे. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे गावचे जोशी. थोडी जमीन होती ती वाट्यानं दिलेली. आसपासच्या खेड्यांतले लोक मुहूर्त विचारायला, बाळांची नावं काढायला त्यांच्याकडे येत. हे सरकारी शाळेत मास्तर होते. निजामाचं राज्य, त्यामुळे शिकवणं उर्दूतून. शाळेतल्या मौलवीसाहेबांशी यांची चांगली दोस्ती होती.

मौलवीसाहेबांनी हैदराबादहून आकाशाबद्दलचं एक जाड उर्दू पुस्तक आणवलं होतं. दिवेलागण झाली की हे ते घेऊन बसत आणि मला मराठीत सांगत. मी भाकरी थापत ऐकायची. त्यात पोलंडातला एक धर्मगुरू होता. त्यानं सूर्य मधोमध ठेवून सगळं गणित नव्यानं मांडलं, आणि ते छापायला द्यायला म्हातारपणापर्यंत बिचकत राहिला. डेन्मार्कचा एक सरदार होता. तेव्हा दुर्बीण निघालीच नव्हती, तरी हा जन्मभर नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांची मापं घेत बसला. ती मापं पुढे एका जर्मन गणित्याच्या हाती आली, तेव्हा त्याला ग्रहांची वाट गोल नसून थोडी लांबट असल्याचं कळलं.

सासरे ओसरीवरून कान देऊन असत. डेन्मार्कचा सरदार त्यांना फार आवडला. ढग आले की तो काय करायचा, त्याची यंत्रं केवढी होती, असं ते मला विचारत आणि मी यांना विचारून सांगे. पण पृथ्वीच सूर्याभोवती फिरते हे आलं की ते उठून बाहेर जात. एकदा बोलता बोलता हे म्हणून गेले की पंचांगाचा पायाच चुकलाय. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं थांबलं. ताट वाढलं की सासरे मला सांगत, त्याला म्हणावं, जेवून घे. हे समोरच बसलेले असत.

त्या सुमारास जमीन मोजणी खात्यातल्या एका अंमलदाराची बदली झाली. जाताना तो आपली जुनी पितळी दुर्बीण मौलवीसाहेबांना देऊन गेला. यांना तर आभाळ हाती आल्यासारखं झालं. पुस्तकात इटलीतल्या एका प्राध्यापकाची हकिकत होती. त्यानं अशीच नळी शुक्राकडे धरली आणि त्याला शुक्र चंद्रासारखा वाढता-घटता दिसला, कधी कोरीसारखा, कधी जवळजवळ पुरा. शुक्र सूर्याला वळसा घालत असेल तरच असं दिसेल, हे त्यानं ओळखलं.

यांनी उत्साहाच्या भरात बाजाराच्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, संध्याकाळी या, शुक्राची कोर दाखवतो. अंधार पडल्यावर माणसं खळ्यात जमली. यांनी नळी हातात धरून एकेकाला दाखवली. कुणालाच कोर दिसली नाही. नुसता लखलखता, थरथरता ठिपका. लोक हसत हसत घरी गेले. हे न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, काल तू बी बघितलंस न्हवं? तुला काय दिसलं?"

मी म्हटलं, "कोर असंल असं वाटलं, मामंजी."

"वाटलं ते ऱ्हाऊ दे. दिसलं काय?"

"नुसता उजेड. लई हालत होता."

"मग तेच सांगायचं," ते म्हणाले. मग त्यांनी पंचांग काढलं. शुक्राचा अस्त, तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा होण्याचा दिवस, जवळ येत होता. म्हणजे तो रोज सूर्याकडे सरकतोय, आणि पुस्तक खरं असेल तर कोर आता आणखी बारीक व्हायला पाहिजे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आणि अंधारात तो डोळे दिपवतो, तेव्हा बघायचा तर उजेड असतानाच बघावा. हे सगळं त्याला सांग, म्हणाले. मी म्हटलं, हे तुम्हीच सांगा, मला नीट सांगता यायचं नाही.

तेव्हा ते उठले आणि मौलवीसाहेबांना सांगायला शाळेकडे गेले. परत आले ते तिघं मिळून. हे, मौलवीसाहेब आणि मागे काठी टेकत सासरे. दुर्बीण यांच्या हातात होती आणि यांचा चेहरा उजळला होता.

उभ्या बैलगाडीच्या जुवावर नळी सुंभानं बांधली, म्हणजे वळवता येईल पण हातानं थरथरणार नाही. ऊन उतरायच्या बेताला सूर्य घराच्या आड गेला. तो दिसेल तिकडे नळी न्यायची नाही, डोळे जातील, असं सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं. आभाळ अजून निळंच होतं. एक चांदणी नव्हती. सासऱ्यांनी हात लांब करून बोटांनी काही मापलं, कडुनिंबाच्या शेंड्याच्या डावीकडे बोट दाखवलं आणि यांना म्हणाले, "हितं धर." किती दिवसांनी ते यांच्याशी थेट बोलले होते.

बराच वेळ शोधाशोध झाली. मग हे एकदम थांबले आणि बाजूला झाले. सासरे वाकले. पुष्कळ वेळ वाकूनच राहिले. मग उठून ते म्हणाले,

"कुणी काय बी बोलू नका. आधी सूनबाईला बघू द्या."

मौलवीसाहेबांनी अदबीनं तोंड पलीकडे वळवलं. मी पदर सावरून डोळा लावला. फिक्या निळ्या आभाळात एक इवलीशी पांढरी कोर होती, स्वच्छ, नखाच्या कापासारखी. मला रडू येईल असं झालं.

सासऱ्यांनी मला मातीत काडीनं तिचं चित्र काढायला सांगितलं आणि स्वतः गाडीच्या पलीकडे बसून आपलं काढलं. मग आमची दोन्ही चित्रं यांनी आणि मौलवीसाहेबांनी ताडून पाहिली. पोट दोघांचंही मावळतीकडे, सूर्य होता त्या अंगाला.

मौलवीसाहेब हळूच म्हणाले, "जोशीबुवा, उजेड सूर्याचाच आहे."

"हाय खरं," सासरे म्हणाले. "दिसलं ते दिसलं."

त्या संध्याकाळी बापलेक एका ताटाशेजारी दुसरं ताट घेऊन बसले आणि माझ्या भाकरी थंड होईपर्यंत बोलत राहिले.

अस्त झाला, आणि पुढे शुक्र पहाटे उगवायला लागला. आता सासरे स्वतःच उठून नळी बांधत. कोर दिवसेंदिवस भरत गेली आणि आकारानं लहान होत गेली. ते मला बोलवून दाखवत. लांब चाललाय, म्हणत, सूर्याच्या पल्याड. गावात कुणीतरी विचारलं, म्हणजे आता पंचांग खोटं का? ते म्हणाले, कुठं बघायचं हे पंचांगानंच सांगितलं की. पृथ्वी फिरते हे मात्र त्यांनी लगेच मानलं नाही. यांनी छेडलं की म्हणत, फिरत आसंल बी, मला अजून दिसायचं हाय.

मुहूर्त ते शेवटपर्यंत काढत राहिले. हिवाळ्यात गुरू वर आला तेव्हा शेतावरून परतणाऱ्या बायका आमच्या दारात थांबायच्या, डोक्यावरची पाटी उतरवून एकेक करून नळीला डोळा लावायच्या. गुरूच्या शेजारचे बारीक चंद्र पहिल्यांदा कुणालाच दिसायचे नाहीत. सासरे घाई करायचे नाहीत. बस निवांत, म्हणायचे, डोळा बसू दे.