हा दम वयाचा नव्हे

एकोणीसशे चौपन्न-पंचावन्नच्या सुमारास मी कट्टा गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. डॉ. मालतीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, ‘‘म्हातारं माणूस ‘वयामुळे दम लागतो’ म्हणालं, की विश्वास ठेवायचा नाही.’’ बाई मला खाष्ट वाटल्या. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसले आहे, तरी ते मत मी पुरते बदललेले नाही.

त्याच पावसाळ्यात मसुरे गावचे आबा, नांगराचा गंजका फाळ पायात घुसला म्हणून आले. सोबत मुलगा विठोबा होता. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायलाच हवे होते आणि ते तेव्हा घोड्याच्या रक्तापासून करत. दमेकऱ्याचे शरीर आधीच बिथरलेले; असे परके काही आत आले, की ते इतके उसळते की माणूस गुदमरतो. म्हातारपणी प्रतिकारशक्ती नुसती मंदावत नाही, भलत्यावरही धावून जाते, असे बाई आम्हाला समजावत.

बाईंनी विचारले, ‘‘दमो आसा?’’

‘‘नाय. वय झाला,’’ आबा म्हणाले. पण ते दमेकरी बसतो तसे गुडघ्यांवर हात रोवून, खांदे उचलून बसले होते. बाईंनी ते औषध सोसते का हे पाहायला हाताच्या कातडीत थेंबभरच टोचले आणि त्या थांबल्या.

विठोबा तापला. ‘‘बाईनू, टोचा आणि सोडा आमका. गाडी चुकात.’’

थोड्याच वेळात टोचल्या जागी गांध उठली आणि आबांच्या छातीत शिटी वाजू लागली. पूर्ण इंजेक्शन द्यावे तर श्वास कोंडणार, न द्यावे तर धनुर्वात.

बाईंनी विठोबाला बाहेर पाठवले आणि आबांचा हात धरला. ‘‘आबा, आता तरी खरा सांगा.’’

‘‘चार वर्सा झाली,’’ आबा धापा टाकत म्हणाले. ‘‘नातीचा लगीन जमता हा. दम्याच्या घरातली पोर कोण करतलो?’’

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी श्वास मोकळा करणारी सुई दिली. त्या औषधाने म्हाताऱ्याचे हृदय बंद पडू शकते, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. छाती शांत झाल्यावर त्यांनी धनुर्वाताचे औषध पातळ केले आणि किंचित किंचित वाढवत टोचत गेल्या. प्रत्येक वेळी बोटे नाडीवर, डोळे छातीवर. मी मनातल्या मनात भराडीदेवीचा धावा करत होते. दिवस कलता कलता डोस पुरा झाला. आबा वाचले.

विठोबा आत आला, तेव्हा आबांनी आपणहून सांगितले, ‘‘माका दमो आसा.’’

तो खाटेवर टेकला. ‘‘माका तरी सांगूक होया होता, आबा,’’ म्हणाला आणि बापाचे पाय धरून रडला. गाडी केव्हाच गेली होती. बाईंनी दोघांना आपल्या घरी नेऊन जेवू घातले.

बाई आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हव्या आहेत, आणि धडधाकट हव्या आहेत. देवाकडे मी हेच मागते. बाईंकडे मागणे एवढेच, की त्यांना स्वतःला काही दुखले-खुपले, तर त्यांनी ते आम्हाला सांगावे.